ट्रंकेतल्या जुन्या नोटेला किती मिळतात?

गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो : ताई, ट्रॅक्टरवाल्या पाच रुपयांच्या नोटेचे खरंच लाखभर मिळतात का? मोबाइलवर तसे व्हिडिओ फिरतात ना!

नाही मिळत. ती नोट भरमसाट छापली गेली, घराघरात आहे. ७८६ आकड्याच्या नोटेला हौशी माणूस थोडे वरचे पैसे देतो, एवढंच.

नोट नुसती जुनी असून भागत नाही. ती दुर्मीळ हवी आणि कोरी हवी. रिझर्व्ह बँकेची पहिली नोट १९३८ सालची, पाच रुपयांची, सहाव्या जॉर्ज राजाच्या चित्राची. ती कडक, बिनघडीची असेल तर संग्राहक आनंदाने घेतो. तीच फाटून चिकटपट्टी लावलेली असेल तर भाव कोसळतो. सही कोणाची, साल कोणतं, हेही ते बघतात.

मराठवाड्यातल्या आजीच्या ट्रंकेत निजामाच्या ‘हाली’ नोटा निघू शकतात. हैदराबाद संस्थानाने त्या १९१८ पासून काढल्या, १९५९ मध्ये त्या बाद झाल्या. दुकानात चालत नाहीत म्हणून चुलीत घालू नका. पुसू नका, इस्त्री करू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. वहीच्या कोऱ्या पानांत सपाट ठेवा आणि दोन-तीन जाणकारांना दाखवून मगच भाव ठरवा.

आता खरी काळजीची गोष्ट. आमच्या एका गटातल्या ताईंनी जुन्या नोटेचा फोटो पाठवला. समोरच्याने आधी नोंदणी फी मागितली, मग जीएसटी, मग ‘रिझर्व्ह बँकेचं कमिशन’. गटाकडून शेळीसाठी घेतलेलं कर्ज त्यात गेलं. हप्ता मात्र चालूच आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय, की ती असल्या व्यवहारात नाही, कमिशन घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. अहो, विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही!

आणि नोटबंदीतल्या पाचशे-हजाराच्या नोटा? २०१७ च्या कायद्याने त्या दहापेक्षा जास्त ठेवणं गुन्हा आहे. संग्रह किंवा अभ्यासासाठीही पंचवीसच.

कोणी फसलंच असेल तर लाजू नका, त्याच दिवशी १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येतात ते तेवढ्या वेळातच.