तारा फुटतो म्हणजे काय?

रात्री आपण अंगणात बसलेले असतो. आकाशातून एक ठिणगी सर्रकन खाली येते. आपण म्हणतो, "तारा तुटला." म्हातारी माणसे म्हणतात, "कुणीतरी गेलं." पण तो तारा नसतोच. तो असतो एक लहानसा खडा. जोराने हवेत शिरताना तो तापतो व जळून जातो. कुणाच्या मरणाशी त्याचा काही संबंध नाही.

खरा तारा मात्र कधी कधी फुटतो. अशा ताऱ्याला अतिनवतारा म्हणतात.

तो फुटतो कसा? तारा म्हणजे तापलेल्या वायूचा प्रचंड गोळा. त्याचे वजन त्याला आत दाबते. पोटातली उष्णता त्याला बाहेर रेटते. दोन्ही जोर सारखे, म्हणून तारा टिकतो. पण चुलीतले सरपण केव्हातरी संपतेच. मोठ्या ताऱ्याच्या पोटात एकामागून एक जळणे संपत जातात. शेवटी तिथे लोखंड तयार होते. लोखंडापासून आणखी उष्णता मिळत नाही. चूल विझते. मग ताऱ्याचा गाभा एका क्षणात कोसळतो आणि बाहेरचे थर उधळले जातात.

मग आपला सूर्यही असाच फुटेल का? नाही. भिऊ नका. असे फुटायला तारा सूर्याच्या निदान आठपट जड असावा लागतो.

इ. स. १०५४ साली वृषभ राशीत, रोहिणीच्या पूर्वेस, असा एक तारा दिसला. चीनमधल्या लोकांनी त्याची नोंद लिहून ठेवली. २३ दिवस तो भर दिवसाही दिसत होता. रात्री तो जवळजवळ दोन वर्षे दिसला.

याहूनही तेजस्वी स्फोट असतात. पण ते फार दूर असतात. कुलाब्याच्या टोकापुढे समुद्रात दीपगृह आहे. लांबून पाहिले तर त्याचा दिवा आपल्या हातातल्या कंदिलापेक्षा बारीक वाटतो. म्हणून काही तो लहान ठरत नाही. तसेच हे. २००६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना दुर्बिणीतून असा एक स्फोट दिसला. त्याचे तेज सुमारे ७० दिवस वाढतच गेले. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २४ कोटी वर्षे लागली! असे स्फोट नेहमीच्या अतिनवताऱ्याच्या दहापट ते शंभरपट तेजस्वी असतात. काही ताऱ्यांनी आधीच पुष्कळ वायू बाहेर टाकलेला असतो. फुटलेल्या ताऱ्याचा माल त्यावर जोराने आदळतो, म्हणून एवढा उजेड पडतो.

आपल्याकडेही या गोष्टींचा अभ्यास चालतो. लालबाग-परळच्या दिव्यांत तारे नीट दिसत नाहीत. पण त्याच मुंबईत, कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभा यांनी ती १९४५ साली स्थापन केली. या संस्थेने पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावी व आसपास ३० मोठ्या तबकड्या उभारल्या आहेत. एकेक तबकडी ४५ मीटर रुंद आहे. आपला रेडिओ जशा लहरी पकडतो, तशाच लहरी या तबकड्या आकाशातून पकडतात. त्या १०५४ सालच्या ताऱ्याचा गाभा अजून शिल्लक आहे. तो एका सेकंदात सुमारे ३० वेळा स्वतःभोवती फिरतो. त्याच्या लहरीही या तबकड्यांना मिळतात.

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. तारे फुटतात तेव्हा त्यांच्यात तयार झालेले लोखंड आकाशात पसरते. पुढे त्या धुळीतूनच नवे तारे आणि पृथ्वीसारखे ग्रह घडतात. तुमच्या हातातल्या विळ्याचे लोखंड तिथलेच. तुमच्या रक्तातले लोखंडही तिथलेच.

तेव्हा आकाशाकडे बघून अपशकुनाची भीती धरू नका. तारे फुटले, म्हणून आपण आहोत.