वापशावर ट्रॅक्टर अडतो तेव्हा



कोरडवाहू रब्बी ज्वारीच्या पेरणीला १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ धरतात. पण पावसाच्या उघडिपीत वापसा सापडतो तो मोजक्याच दिवसांचा. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतले गाव. तेथे शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही हा गावाचाच नियम आहे, आणि पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरवली जातात. अशा ठिकाणी जमिनीतली ओल हेच कोरडवाहू पिकाचे भांडवल. ती वाऱ्या-उन्हाने उडून जात असताना वडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर चालू होऊ नये, यासारखे दुखणे नाही.

जुना ट्रॅक्टर म्हणून त्याला नावे ठेवू नका. पिंजोरच्या एचएमटी कारखान्यात १९७१ पासून झेटर जातीचे ट्रॅक्टर बनू लागले. त्या ट्रॅक्टरांचे उत्पादन आता बंद झाले आहे, तरी त्यांतले कित्येक अजून पाळी घालतात. या इंजिनांची रचना साधी. बिघाड बहुधा पंपात नसतो. तो असतो बॅटरीच्या टोकांवर, टाकीच्या तळाशी, नाहीतर दोन रुपड्यांच्या वॉशरखाली. म्हणून मिस्त्रीला बोलावण्याआधी पुढील तपासणी घरीच करावी.

प्रथम सेल्फ मारून कान द्यावा. इंजिन रखडत फिरत असेल तर डिझेलच्या नळ्यांना हात लावू नये. हेडलाइट लावून सेल्फ मारावा. उजेड एकदम मंदावला तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांना पांढरा-हिरवा क्षार धरला आहे. आधी अर्थिंगची म्हणजे चासीकडे जाणारी वायर सोडावी, खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने टोके धुवावीत, कोरडी करून आवळावीत व वरून व्हॅसलिन लावावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. अर्थिंगचे दुसरे टोक पुष्कळजण विसरतात. तेथे रंग वा गंज असेल तर तो खरवडून काढावा.

इंजिन जोमाने फिरते, पण धुराड्यातून धूरच येत नाही, याचा अर्थ डिझेल आत पोचत नाही. बंद करण्याची दांडी ओढलेली राहिली आहे का हे आधी पाहावे (हसू नका, पुष्कळदा दोष एवढाच असतो). पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही. इंजिन फार गार असेल, डिझेलात पाणी असेल किंवा कॉम्प्रेशन गेले असेल. चालू होऊन दहा मिनिटांनी बंद पडत असेल तर टाकीचे झाकण सैल करून पाहावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन सुरळीत चालले, तर झाकणाचे बारीक छिद्र मातीने बुजले आहे. एक काडी घेऊन ते मोकळे केले की काम झाले.

पाण्याची परीक्षा घरातल्या कोणालाही करता येईल. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहू द्यावा आणि सकाळी हलवण्यापूर्वी टाकीच्या तळाचा बोल्ट सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घ्यावे. पाणी जड असल्याने बाटलीच्या तळाशी वेगळे दिसते. अर्धी टाकी ठेवून ट्रॅक्टर उभा केला की रात्रीच्या गारव्याने आतल्या हवेतला दमटपणा टाकीच्या पत्र्यावर पाणी होऊन उतरतो. त्यासाठी टाकी संध्याकाळीच भरावी. स्वस्त पडते म्हणून डिझेलात रॉकेल मिसळू नये, कारण पंपाला वंगण डिझेलचेच असते.

आता एअर काढण्याविषयी. फिल्टर बदलला किंवा टाकी कोरडी पडली की नळ्यांत हवा धरते. गियर न्यूट्रलला ठेवून हातब्रेक ओढावा, टाकीत पुरेसे डिझेल घेऊन कॉक उघडावा. पहिल्या फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करून फीड पंपाची हातदांडी मारत राहावे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. त्यानंतर दुसरा फिल्टर, मग मोठा पंप, असे टाकीकडून इंजिनाकडे जावे. उलट गेल्यास हवा पुन्हा पुढे सरकते. शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारावा व डिझेल आले की आवळावेत. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये, मध्ये अर्धा मिनिट विसावा द्यावा. या नळ्यांतली धार इतक्या दाबाची असते की ती कातडी भेदून आत शिरते. गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. धार शिरल्याची शंका जरी आली तरी जखम लहान दिसते म्हणून थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा.

एअर काढूनही रोज सकाळी तोच त्रास होत असेल तर हवा कोठूनतरी आत येते आहे. तडकलेली रबरी नळी बदलावी. पोकळ बोल्टांखालच्या तांब्याच्या वॉशर पुन्हा पुन्हा आवळून कठीण होतात. नवी मिळत नसेल तर जुनी काढून डिझेलपासून लांब चुलीच्या निखाऱ्यावर लाल करावी आणि पाण्यात टाकावी. तांबे मऊ पडते व पुन्हा नीट बसते. नव्या वॉशरला मात्र तोड नाही.

दोन गोष्टी हात जोडून सांगतो. सेल्फच्या टोकांवर पाना टेकवून, जमिनीवर उभे राहून ट्रॅक्टर चालू करू नका. गियर पडलेला असला तर ट्रॅक्टर उडी घेतो आणि मागचे चाक माणसाच्या अंगावर येते. अशाने माणसे गेली आहेत. चालू करायचा तो सीटवर बसून, क्लच दाबून. तसेच एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरू नका.

एवढे करूनही इंजिन पेटले नाही तर नोझल काढून टेस्टरवर तपासून घ्यावेत. पंपाचे सील मात्र कोणालाही शेतात तोडू देऊ नये. पंप सोडण्यापूर्वी त्याच्या व इंजिनाच्या खुणा जुळवून ठेवाव्यात आणि दुरुस्तीसाठी तो कॅलिब्रेशनची सोय असलेल्या दुकानातच न्यावा. हे काम पोळ्याच्या आसपास, पेरणीच्या आधी उरकावे. वापशावर त्या दुकानातही रांग असते.