कागदामागची हमी

दर नोव्हेंबरात पॅरिसच्या ग्राँ पॅलेच्या काचेच्या छताखाली ‘पॅरिस फोटो’ हा छायाचित्रांचा आंतरराष्ट्रीय मेळा भरतो. १९९७ साली तो लूव्र संग्रहालयालगतच्या भुयारी दालनांत सुरू झाला, २०११ मध्ये १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या या भव्य वास्तूत आला आणि मधली काही वर्षं दुरुस्तीमुळे दुसरीकडे काढून २०२४ मध्ये परतला. देशोदेशींच्या गॅलऱ्या इथे भाड्याने जागा घेतात, तात्पुरत्या भिंती उभारतात, त्यांवर आपापल्या छायाचित्रकारांची कामं लावतात आणि विकतात. चार-पाच दिवसांत साठ हजारांहून जास्त माणसं तिकीट काढून येतात. त्यांतले बहुतेक काही विकत घेत नाहीत. न्यूयॉर्कला छायाचित्र-विक्रेत्यांची संघटना १९८० पासून असाच मेळा भरवते, लंडनला २०१५ पासून भरतो. या सगळ्याकडे लांबून पाहणाऱ्या माणसाला एक प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे. जे चित्र मोबाइलवर फुकट दिसतं, पुस्तकात दीड-दोन हजार रुपयांत मिळतं, त्याच्याच एका कागदी प्रतीसाठी कुणी लाखो रुपये का मोजावेत? आणि ती प्रत विकायला गॅलरी नावाचा मध्यस्थ कशाला हवा? माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. गॅलरी जे विकते त्यात चित्राचा वाटा थोडा असतो, हमीचा वाटा मोठा असतो. ती हमी चारचौघांत तपासली जावी म्हणून हा मेळा लागतो.

चित्रकाराचं तैलचित्र एकच असतं, ते कुठे आहे हे माहीत असतं. छायाचित्राचं तसं नाही. एका निगेटिव्हवरून दहा प्रती निघू शकतात, हजारही निघू शकतात. अमेरिकेचे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या आपल्या प्रसिद्ध चित्राच्या हजाराच्या आसपास प्रती स्वतः डार्करूममध्ये उभं राहून काढल्या, असं मानलं जातं. त्यामुळे विकत घेणाऱ्याला तीन गोष्टी कळायलाच हव्यात: ही प्रत कुणी काढली, कधी काढली आणि अशा आणखी किती आहेत. मेळ्यातल्या एखाद्या चौकटीशेजारची छोटी पाटी वाचली तर हीच माहिती तिथे दाटीवाटीने बसवलेली दिसते. छायाचित्रकाराचं नाव, चित्र टिपल्याचं वर्ष, त्याच्यापुढे प्रत काढल्याचं वेगळं वर्ष, कागदाचा आणि छपाईचा प्रकार, आणि मग ३/७ असा आकडा. म्हणजे एकूण सात प्रती निघणार, त्यांतली ही तिसरी. चौकट उलटी केली तर प्रतीच्या पाठीवर बहुधा पेन्सिलीने केलेली सही, तोच आकडा, कधी जुन्या वृत्तसंस्थेचा शिक्का आणि आधीच्या मालकांच्या खुणा सापडतात. जाणता संग्राहक चित्राइतकाच वेळ या पाठीकडे पाहण्यात घालवतो. निगेटिव्ह टिपल्यानंतर लवकरच काढलेली प्रत असेल तर तिला ‘व्हिंटेज’ म्हणतात. तिचा भाव नंतरच्या प्रतीच्या कितीतरी पट असतो. २०२२ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या लिलावात मान रे यांच्या ‘ल व्हायोलाँ दॅंग्र’ या १९२४ च्या छायाचित्राची एक प्रत १ कोटी २४ लाख डॉलरला गेली. लिलावात छायाचित्राला तोवर एवढी रक्कम कधीच मिळाली नव्हती. त्यातल्या स्त्रीच्या उघड्या पाठीवरच्या व्हायोलिनच्या खुणा पुस्तकांतून आणि पोस्टकार्डांवरून जगाने पाहिलेल्या आहेत. पण ही प्रत त्या काळातली होती आणि १९६२ मध्ये खुद्द मान रे यांच्याकडून घेतलेली होती. पैसे त्या वंशावळीला मिळाले.

ही वंशावळ खोटी निघाली तर काय होतं, याचं उदाहरण लुइस हाइन यांच्या प्रतींचं आहे. अमेरिकेतल्या कापडगिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांची छायाचित्रं काढून बालमजुरीविरुद्धच्या लढ्याला ज्यांनी बळ दिलं, ते हाइन १९४० मध्ये हलाखीत वारले. पुढे काही दशकांनी त्यांच्या सहीच्या, त्यांनी स्वतः काढलेल्या म्हणून प्रती बाजारात येऊ लागल्या आणि चांगल्या भावाने खपू लागल्या. १९९० च्या दशकाच्या शेवटी काही संग्राहकांना आणि विक्रेत्यांना शंका आली. कागद अतिनील प्रकाशाखाली धरला तर तो निळसर चमकला. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात घालायची जी रसायनं असतात, ती छायाचित्राच्या कागदात १९५० च्या दशकात येऊ लागली. हाइन तर त्याच्या आधीच गेलेले. प्रती त्यांच्याच निगेटिव्हवरून निघाल्या होत्या, चित्रं अस्सल त्यांची होती, डोळ्यांना फरक दिसत नव्हता. तरीही पैसे परत करावे लागले आणि सगळ्या व्यवसायाला हादरा बसला.

आता याच्या शेजारी २०२४ च्या पॅरिस फोटोमधली एक भिंत ठेवून पाहू. जर्मन छायाचित्रकार ऑगस्ट झांडर यांनी शेतकरी, भटारी, विद्यार्थी, बेकार, सर्कशीतले कलाकार, वकील अशा आपल्या काळच्या माणसांचा एक मोठा संच आयुष्यभर जमवला होता. १९२९ मध्ये त्यातली निवडक चित्रं पुस्तकात आली. नाझींनी १९३६ मध्ये त्या पुस्तकाचे छपाईचे ठसे नष्ट केले, आणि १९४६ मध्ये कोलोनमधल्या एका तळघरात लागलेल्या आगीत हजारो निगेटिव्ह जळाल्या. झांडर १९६४ मध्ये गेले. ‘विसाव्या शतकातली माणसं’ हा त्यांचा ६१९ छायाचित्रांचा संच त्यांच्या पणतूच्या गॅलरीने ग्राँ पॅलेमध्ये एका लांबलचक भिंतीवर अख्खा लावला. या प्रती झांडर यांच्या हातच्या नव्हत्या. त्यांच्या मृत्यूनंतर, १९९० च्या दशकात, नातवाच्या देखरेखीखाली मूळ निगेटिव्हवरून त्या काढल्या गेल्या. हाइन यांच्या त्या प्रतीही मृत्यूनंतरच निघालेल्या होत्या. एका ठिकाणी फसवणूक झाली आणि दुसऱ्या ठिकाणी लोक तासन्‌तास उभे राहिले. फरक इतकाच की झांडर यांच्या प्रती कधी आणि कुणाच्या देखरेखीखाली निघाल्या, हे कुणापासून लपवलेलं नव्हतं. कागद, शाई, रसायन यांच्यापेक्षा ही उघड नोंद महाग असते, असं मी म्हणतो ते या अर्थाने.

यावर पहिला आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो जुना आहे. छायाचित्राचा जन्मच मुळी प्रती काढण्यासाठी झाला, मग सात प्रतींवर थांबणं म्हणजे मुद्दाम टंचाई करणं नाही का? जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन यांनी १९३० च्या दशकातच लिहून ठेवलं आहे की छायाचित्राची ‘अस्सल प्रत’ कोणती असं विचारण्यात अर्थ नाही. टंचाई मुद्दाम केलेली असते, हे मान्य करायला हवं. पण ती केली नाही तर काय होतं तेही पाहायला हवं. छायाचित्रकारांना पोसणारी मोठी सचित्र साप्ताहिकं एकामागून एक बंद पडली. अमेरिकेचं ‘लाइफ’ साप्ताहिक १९७२ मध्ये थांबलं. एखाद्या गावात, जंगलात किंवा वस्तीत सहा-सहा वर्षं काम करायला लागणारा पैसा मग यायचा कुठून? प्रतीच्या किमतीतला साधारण निम्मा हिस्सा गॅलरी ठेवते आणि निम्मा छायाचित्रकाराला देते, असा रिवाज आहे. त्या निम्म्यावर पुढचं काम उभं राहतं. शिवाय प्रती मोजक्या ठेवल्या म्हणून चित्र कोंडलं जात नाही. पॅरिस फोटोमध्ये गॅलऱ्यांबरोबर प्रकाशकही जागा घेतात आणि २०१२ पासून तिथे छायाचित्रग्रंथांना पुरस्कार दिले जातात. २०१७ चा वर्षातल्या उत्तम ग्रंथाचा पुरस्कार छायाचित्रकार दयानिता सिंग यांच्या ‘म्युझियम भवन’ला मिळाला. छोट्या-छोट्या घडीच्या पुस्तिकांचा तो एका पेटीतला संच आहे, घरी आणून टेबलावर उलगडला की तेच प्रदर्शन. ज्याला भिंतीवरची प्रत परवडत नाही त्याच्यासाठी चित्राचा रस्ता मोकळाच असतो. अडवलेली असते ती फक्त खोटी प्रत.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. हमी म्हणजे अखेर एक वचन, आणि वचन देणारा उद्या फिरला तर? असं घडलेलं आहे. अमेरिकेचे विल्यम एगल्स्टन हे रंगीत छायाचित्राला कलेचा मान मिळवून देणाऱ्यांतले एक. त्यांच्या जुन्या, मर्यादित प्रती संग्राहकांनी भारी किंमत देऊन घेतल्या होत्या. २०१२ मध्ये त्यांतल्याच काही चित्रांच्या खूप मोठ्या आकाराच्या, डिजिटल पद्धतीने छापलेल्या नव्या प्रती लिलावात आल्या. छत्तीस प्रती मिळून सुमारे ५९ लाख डॉलर आले. आपल्याकडच्या प्रतींचं मोल घटलं म्हणून एका संग्राहकाने दावा लावला. २०१३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला: वेगळ्या तंत्राने काढलेल्या प्रती ही नवी मालिका आहे, जुन्या मालिकेची संख्या तेवढीच राहिली. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर असेल, पण घेणाऱ्याच्या मनात चित्र एकच होतं. फ्रान्सच्या करकायद्यात नेमकी ही फट बुजवलेली आहे. कलावंताने स्वतः टिपलेलं, त्याने किंवा त्याच्या देखरेखीखाली छापलेलं, सही आणि क्रमांक असलेलं छायाचित्र जास्तीत जास्त तीस प्रतींपर्यंतच कलाकृती धरलं जातं, आणि हे तीस सगळे आकार आणि सगळे कागद धरून. या मर्यादेत राहिलं तरच कलाकृतींसाठीच्या कमी कराचा फायदा मिळतो. म्हणजे वचन मोडता येतं, हे खरं. पण ते कोणत्या शब्दांत दिलं आणि कुणी नोंदवून घेतलं यावर त्याचं मोडणं सोपं की अवघड हे ठरतं. मेळ्याचा उपयोग इथे होतो. बंद खोलीत एका गिऱ्हाइकाला ‘सातच प्रती आहेत’ म्हणणं वेगळं, आणि समव्यावसायिक, संग्रहालयांचे अभिरक्षक, अभ्यासक आणि पत्रकार यांच्यासमोर पाटीवर लिहून लावणं वेगळं. तेच चित्र चार दालनं सोडून दुसऱ्या गॅलरीकडे वेगळ्या आकड्यानिशी लागलेलं असेल तर ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं.

जागेचं भाडं, वाहतूक, विमा, माणसांचा मुक्काम हा खर्च भरून काढायचा म्हणून गॅलऱ्या हमखास खपणारी नावंच लावतात, असंही म्हणतात. ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण मेळा उघड असल्यामुळे तिथला पक्षपातही मोजता येतो. २०१८ मध्ये फ्रान्सच्या सांस्कृतिक खात्याच्या साथीने पॅरिस फोटोने स्त्री-छायाचित्रकारांसाठी ‘एल’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हा तिथल्या कलावंतांत स्त्रिया पाचांत एक होत्या. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्यापलीकडे गेलं. समाधान मानावं इतकं ते अजून नाही, पण गॅलऱ्यांच्या खासगी कपाटांत हे कुणी मोजलंच नसतं.

आणि ज्यांची चित्रं विकली जातात त्यांचं काय? हाइन यांनी टिपलेल्या गिरणीतल्या मुलीच्या चित्राची प्रत हजारो डॉलरला जाते, त्या मुलीच्या घराण्याला काही मिळत नाही. या प्रश्नाला बाजाराने अजून नीट उत्तर दिलेलं नाही. पण एक वाट आपल्या पालघर जिल्ह्यातून गेली आहे. छायाचित्रकार गौरी गिल यांनी डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड यांच्याबरोबर ‘फील्ड्स ऑफ साइट’ ही मालिका केली. गिल यांच्या कृष्णधवल छायाचित्रांवर वांगड यांनी शाईने तिथल्या डोंगरांच्या, देवांच्या, धरणांच्या आणि विस्थापनाच्या गोष्टी रेखल्या. कलाकृतीवर नाव दोघांचं असतं. जव्हारच्या बोहाडा या मुखवटे घालून होणाऱ्या उत्सवासाठी कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणाऱ्या कारागिरांबरोबर गिल यांनी दुसरी मालिका केली. देवादिकांऐवजी रोजच्या जगण्याचे, माणसांचे, प्राण्यांचे, वापरातल्या वस्तूंचे मुखवटे त्यांनी करवून घेतले आणि गावकऱ्यांनी ते घालून दवाखान्यात, शाळेत, ओट्यावर उभं राहून छायाचित्रं दिली. ही मालिका २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएस वन या कलासंस्थेत लागली. २०२३ चा छायाचित्रणासाठीचा प्री पिक्ते पुरस्कार गिल यांना राजस्थानातल्या कामासाठी मिळाला. अशा कामात पाटीवर एकाऐवजी दोन नावं लिहिली जातात तेव्हा हमीचा अर्थही रुंदावतो: ही प्रत कुणी काढली इतकंच नाही, हे चित्र कुणाचं आहे तेही त्यात येतं. गॅलऱ्यांनी हा रिवाज पसरवायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

मराठी मुलखाला छायाचित्रांचा वारसा काही कमी नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या कार्यकारिणीत होते. मुंबईतल्याच एनसीपीए या कलाकेंद्रात १९८८ पासून खास छायाचित्रांसाठी पिरामल दालन आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आणि मुंबईतच कॅमेरा हाती घेतलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी आपला संग्रह हयातीतच, २०१० मध्ये, दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला. त्यामुळे त्यांच्या कामाची माहिती त्यांच्या तोंडून नोंदवता आली. असं भाग्य थोड्यांच्या वाट्याला आलं. वृत्तपत्रांसाठी, नाटक-सिनेमांसाठी, गावोगावच्या स्टुडिओंत ज्यांनी आयुष्यभर चित्रं टिपली, त्यांच्या निगेटिव्ह माळ्यावरच्या खोक्यांत पडून असतात आणि प्रतींवर सही नसते, साल नसतं. त्यातलं काम कितीही सरस असलं तरी पॅरिसच्या किंवा मुंबईच्या गॅलरीवाल्याचा पहिला प्रश्न हाच असणार: या प्रती कुणी काढल्या, केव्हा, आणि किती? त्याचं उत्तर देऊ शकणारी माणसं म्हणजे ते छायाचित्रकार स्वतः, त्यांच्या डार्करूममध्ये प्रती काढणारे सहायक आणि त्यांच्या घरची माणसं. त्यांतले बरेचजण आज सत्तरीच्या पुढे आहेत.