अकरा महिने

घरातल्या एकाच्या गुणपत्रिकेच्या कामासाठी विद्यापीठात गेले होते. जिल्ह्याच्या गावचं विद्यापीठ, जून संपत आलेला, बाहेर भुरभुर. परीक्षा विभागाला लागूनच एका दारावर 'विद्यार्थी समुपदेशन कक्ष' अशी पाटी होती. एक मुलगा आला, उंबऱ्याशी त्यानं चिखलानं भरलेल्या चपला काढल्या आणि हातात उचलून आत नेल्या. बाहेरचं चपलांचं रॅक रिकामंच होतं.

दाराशी बसलेल्या शिपाई मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मॅडमनीच सांगितलंय तसं. पोरं एकमेकांच्या चपला वळखतात. संध्याकाळपर्यंत होस्टेलात बोभाटा होतो, ह्यो येड्याच्या डॉक्टरकडं जातो म्हणून."

त्या चपलांनी मला पुन्हा तिथं नेलं. जुलैअखेरपर्यंत चारदा गेले. मुलांच्या बैठकीत मी बसले नाही, बसायचंही नव्हतं. समुपदेशक मॅडम मोकळ्या असतील तेव्हा बोलायचे, एरवी मावशींशेजारी बाकावर.

खोली पूर्वी दप्तरखाना होती. दोन खुर्च्या समोरासमोर न ठेवता जरा तिरक्या ठेवल्यात, म्हणजे मुलाला नजर खिडकीबाहेर नेता येते. खिडकीखाली वसतिगृहाची मेस. साडेअकराला लसणाच्या फोडणीचा वास वर येतो आणि खोलीभर पसरतो. मला वाटलं होतं, अशा नाजूक बोलण्यात याचा अडथळाच होत असेल. पण मॅडमचा पहिला प्रश्नच असतो, "काल रात्री काय जेवलास?"

"मन कसं आहे विचारलं की 'ठीक आहे' एवढंच येतं," त्या म्हणाल्या. "जेवणाचं विचारलं की कळतं, पोरगं चार दिवस मेसला गेलेलंच नाही. मग झोपेचं विचारायचं. भूक आणि झोप खोटं बोलत नाहीत."

नाव, वर्ग, गोपनीयतेची माहिती, संमतीची सही हे सगळं पाच मिनिटांत उरकतं. वेळ जातो तो शब्दांपाशी. 'डिप्रेशन' म्हणत फार थोडे येतात. बाकीचे म्हणतात, डोकं जड होतंय, छातीत धडधडतंय, वाचलेलं राहत नाही. एक जण तर हा दवाखाना समजून डोकेदुखीची गोळी मागायला आला होता. मॅडमनी त्याची ओळख पुसूनच मला हे सांगितलं. त्याला परत न पाठवता त्यांनी पाणी दिलं आणि डोकं कधीपासून दुखतंय ते विचारलं. तिसऱ्या खेपेला त्यानं बापाच्या कर्जाचं सांगितलं. राहून गेलेल्या दोन विषयांचं घरी बोललेला नाही, हे सांगायला त्याला सहा महिने लागले. सहा महिने!

टेबलावर नऊ प्रश्नांचा एक कागद असतो. पीएचक्यू-९ म्हणतात त्याला, जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, थकवा आला का, असे साधे प्रश्न. नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा. तो कागदावर सोडून न देता मॅडम तोंडानं विचारतात, सरळ, आवाज न बदलता: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरेल ही आपल्याकडची भीती खरी नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर घड्याळ बाजूला. मुलाला एकटं सोडायचं नाही, त्याच्याशी बोलून घरचं कुणीतरी आणि मनोविकारतज्ज्ञ गाठायचे. रात्रीबेरात्रीसाठी टेलिमानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये समोर बसून घालायला लावायचा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, कुठल्याही राज्याहून जास्त. हे आकडे मी बोलून दाखवले तेव्हा मॅडम गप्प राहिल्या. मग त्यांनी त्यांचा आकडा सांगितला. "माझी नेमणूक अकरा महिन्यांची आहे."

कंत्राटी पद. अकरा महिने झाले की खंड, मग नवी जाहिरात, नव्या मुलाखती. त्या गेल्या सप्टेंबरात आल्या, जुलैअखेर मुदत संपते. ऑगस्टमध्ये खोलीला कुलूप. म्हणजे पहिल्यांदाच घर सोडून आलेली मुलं वसतिगृहात रुळायची धडपड करत असतात, नेमकी तेव्हाच. त्यांच्या आधीच्या बाईंचेही अकरा महिनेच झाले होते.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. फार मोलाचा आदेश आहे. पण हजारो मुलांच्या आवारात एकच माणूस, तोही अकरा महिन्यांचा, एवढ्यावर कुणी समाधान मानू नये. प्रयोगशाळेतलं यंत्र दर वर्षी बदललं तर चालेल. इथं विश्वास हेच यंत्र आहे आणि तो माणसाबरोबर निघून जातो. ज्या मुलाला तोंड उघडायला सहा महिने लागले, त्याला अकराव्या महिन्यात 'आता नव्या मॅडमना पहिल्यापासून सांग' म्हणायचं, हे मला क्रूर वाटतं. मी हे तिथल्या एका अधिकाऱ्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "पद मंजूर नाही."

शेवटच्या खेपेला गेले तेव्हा मॅडम कार्डं लिहीत होत्या. पुढं येणाऱ्या समुपदेशकासाठी, दर मुलामागे एक. वर नाव नाही, फक्त क्रमांक. सहा-सात ओळी: कशानं बोलता होतो, काय विचारलेलं आवडत नाही, अडचणीत कुणाला फोन करायचा. प्रत्येक कार्ड आधी त्या मुलाला वाचायला द्यायचं, त्याला नको असेल ते खोडायचं आणि त्यानं नकोच म्हटलं तर फाडून टाकायचं. दोघांनी फाडायला लावली होती. ती त्यांच्यासमोरच फाडली.

एका मुलानं मात्र वाचून झाल्यावर पेन मागून घेतलं आणि खाली स्वतःच एक ओळ लिहिली. त्याला विचारून मॅडमनी तेवढीच ओळ मला दाखवली, वरचं सगळं तळहातानं झाकून. अक्षर बारीक, डावीकडं झुकलेलं.

'चपला आत ठेवू द्याव्यात.'