एकत्र कुटुंब : समजूत आणि पडताळा

पूर्वी घरोघरी एकत्र कुटुंबे नांदत होती. शहरे वाढली, शिक्षण आले, सुना वेगळे बिऱ्हाड मागू लागल्या आणि ती मोडली, ही समजूत समाजात इतकी रुजली आहे की, तिला पुरावा मागावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. समाजशास्त्राचे काम नेमके येथे सुरू होते.

१९५१ च्या शिरगणतीत खेड्यांतील सुमारे एकतृतीयांश घरांत तीन किंवा त्याहून कमी माणसे आढळली. एकत्र कुटुंब मोडत चालल्याची ही खूण मानली गेली. परंतु घट झाली असे म्हणावयाचे, तर आधीचा आकडा हाताशी हवा. त्याच वर्षी बडोद्याच्या विद्यापीठात एम. एन. श्रीनिवास यांनी समाजशास्त्र विभाग उभारला. तेथे घडलेले अभ्यासक ए. एम. शहा यांनी गुजरातेतील एका खेड्याची १८२५ सालची घरवार नोंद तपासली. आगगाडी आणि गिरण्या येण्यापूर्वीच्या त्या गावातही लहान घरांचे प्रमाण मोठेच होते.

याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. बाप हयात असून दोन विवाहित मुलगे एका चुलीवर जेवावयाचे, तर बापाला तेवढे आयुष्य हवे आणि दोन मुलगे जगावयास हवेत. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातील सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचे होते. बालमृत्यूंमुळे हा आकडा खाली येत असे हे खरे. पण पटकी आणि प्लेग कर्त्या माणसांनाही सोडीत नसत. शिवाय मोठा खटला पोसावयास जमीन किंवा पैसा लागे. स्मरणात राहिले ते वाडे. झोपड्यांच्या आठवणी कोणी लिहून ठेवल्या नाहीत.

उलट, वेगळी चूल म्हणजे तुटलेले नाते, हेही खरे नव्हे. आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा गावाच्या अभ्यासात, १९६४ साली, दाखवून दिले की, निराळ्या घरांत राहणारे भाऊही मालमत्ता, देणेघेणे आणि परस्परांविषयीचे कर्तव्य यांनी बांधलेले असतात.

हा केवळ पंडितांचा वाद नाही. चुकीच्या समजुतीपायी घर मोडल्याचा दोष सुनेच्या माथी बसतो. आणि ‘घरचे पाहतील’ या भरवशावर निराधार विधवेची, वृद्धाची तरतूद राहून जाते. घरचे कोणी नसलेली माणसे पूर्वीही होती, आजही आहेत. त्यांची मोजदाद प्रथम व्हावयास हवी.