लेक मागं पडली, की मोठी झाली?

पहाटेचे सव्वापाच वाजलेले असतात. डोंबिवलीत सगळी गर्दी डब्याची पिशवी सावरत स्टेशनच्या दिशेनं निघालेली, आणि तिच्या बरोबर उलट, एमआयडीसीतल्या क्रीडासंकुलाकडे, एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी चाललेली. पाठीवर सॅक, पायांत बूट, घट्ट बांधलेली वेणी. ठाण्यात अशीच एखादी तुम्हाला उपवन तलावाच्या रस्त्यावर दिसेल, कल्याणात काळा तलावाच्या कडेनं. मुलगी इतक्या पहाटे बाहेर पडते म्हणजे तिची आई त्याआधी अर्धा तास उठलेली असते, हे मैत्रिणींनो, तुम्हाला मी काय सांगायचं!

अशाच एका आईनं मला मध्यंतरी जिन्यात गाठलं. लेक आठवीत असताना शाळेच्या शर्यतींत सगळ्यांच्या पुढं असायची. पंधराशे मीटर, तीन हजार मीटर, बक्षिसांनी कपाट भरलेलं. नववीत गेली आणि वेळ वाढायला लागला. मागच्या मुली पुढं गेल्या. "काय हो ताई, हिचा दम संपला का? की लक्षच नाही हल्ली? हे म्हणतात, आता बास झालं, पुढच्या वर्षी दहावी आहे."

मी तिला एकच विचारलं, "पाळी कधी सुरू झाली?" "गेल्या दिवाळीत," ती म्हणाली. म्हणजे उत्तर तिच्याजवळच होतं.

वयात येताना मुलीची उंची वाढते, कंबर रुंदावते, अंगावर थोडी चरबी चढते. हे सगळं निसर्गाला हवंच असतं. पण तेच शरीर घेऊन लांब पळताना पहिलं वर्ष-दोन वर्षं वेळ सुधारत नाही, कधी थोडी बिघडतेसुद्धा. मुलग्यांचं नेमकं उलट. त्याच वयात त्यांचे स्नायू भरतात नि ते सुसाट सुटतात. घरात धाकटा भाऊही पळत असेल तर मग बघायलाच नको. "तो बघ कसा पुढं गेला!" आणि बिचारी मुलगी समजते, आपल्यातच काही कमी आहे. आपल्याकडच्या किती मुली चौदाव्या वर्षी चमकतात नि सतराव्या वर्षी मैदानावरून नाहीशा होतात, त्याचं एक मोठं कारण हे.

आता जरा मोठ्या नावांकडे बघा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. पाण्यासाठी पायपीट करण्यात बालपण गेलेली आदिवासी मुलगी. नाशिकला विजेंदर सिंग यांच्या हाताखाली तयार झाली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिनं कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. तेव्हा तिचं वय होतं २५. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. धावपट्टीवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत भारतीय बाई पोचली ती पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी! ललिताचं वय तेव्हा २७. लांब पल्ल्याची बाई पिकते ती पंचविशीत. चौदाव्या वर्षीचं बक्षीस म्हणजे नुसता मोहोर, आंब्याला अजून अवकाश असतो.

बायकांच्या शरीराबद्दल घाईनं निकाल देण्याची खोड तशी जुनीच. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका प्रथमच ८०० मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर काहीजणी दमून बसल्या, तर वर्तमानपत्रांनी राईचा पर्वत केला आणि ती शर्यतच रद्द झाली. पुन्हा सुरू व्हायला १९६० उजाडलं. मॅरेथॉन तर बायकांना १९८४ पर्यंत मिळाली नाही आणि ललिता धावली ते स्टीपलचेस २००८ पर्यंत. दमलेले पुरुष काय उभे राहतात हो?

पण एका गोष्टीची मला खरी भीती वाटते. वेळ वाढली की कुणीतरी हमखास म्हणतं, "वजन उतरव." आणि मुलगी पोळी सोडते. अमेरिकेची मेरी केन २०१३ साली वयाच्या सतराव्या वर्षी जागतिक स्पर्धेत १,५०० मीटरच्या अंतिम फेरीत पोचली होती. पुढं वजन कमी करण्याचा तिच्यामागं लकडा लागला. तीन वर्षं पाळी आली नाही, पाच हाडं मोडली, हे तिनं स्वतः २०१९ मध्ये जगाला सांगितलं. शरीराला पळण्यापुरतंही अन्न मिळालं नाही की ते आधी पाळी बंद करतं, मग हाडांतलं बळ खातं. म्हणून धावणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर "बरं झालं, कटकट गेली" म्हणू नका, डॉक्टरांकडे न्या. पंधरा पूर्ण होऊनही सुरू झाली नसेल तरीसुद्धा. आणि नडगीवर एकाच जागी बोट दाबलं की कळ येत असेल तर मलम चोळून पळायला पाठवू नका. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते.

खाणं आपल्या हातातलं आहे. निघताना एक केळं किंवा मूठभर गूळ-शेंगदाणे. रिकाम्या पोटी पळवू नका. आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात दूध आणि पोहे, उपमा, अंडं, जे असेल ते. नुसता चहा-बिस्किटांवर शाळेत धाडू नका. रक्ताकडेही लक्ष हवं. आपल्या देशात पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी असतं, आणि पळणारीचा तर सगळा कारभार रक्तावर. हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या द्याव्यात. बरोबर हळिवाचे लाडू, पालेभाजीवर लिंबू, कडधान्यांच्या उसळी, मासे खाणाऱ्या घरात जवळा-सुकट. जेवणावर लगेच चहा मात्र नको, लोह अंगी लागत नाही.

अंतराचंही सांगते. आपल्याकडे पावसाळा आला की ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनचे फलक लागतात आणि हौशी आई-बापांना वाटतं, आपली पोरगी एकवीस किलोमीटर पळून दाखवील. पळेलही, तेच तर अवघड आहे! चांगली पळणारी मुलगी नको इतकं पळते. मुंबईच्या मॅरेथॉनला पूर्ण अंतरासाठी अठरा वर्षांची अट आहे. वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेतही मुलींची सर्वांत लांब धाव ५,००० मीटरचीच असते. तेव्हा पंधराव्या वर्षी एकवीस किलोमीटरची घाई कशाला? तिच्या वयाच्या गटात पळू दे, आठवड्यातून एक दिवस निजू दे. बूट झिजले की बदला, आणि चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा घेऊन द्या. संकोचापायी मुली हे मागत नाहीत नि पळणंच सोडतात.

राहता राहिली दहावी. खेळाडूंना परीक्षेत सवलतीचे गुण असतात, राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण असतं, हे तिच्या वडिलांना सांगायला हरकत नाही. पण त्यासाठी नव्हे, पहाटेची सवय लागलेली मुलगी अभ्यासालाही पहाटे बसते, हे माझं आपलं साधं निरीक्षण.

आमच्या त्या जिन्यातल्या आईनं लेकीचं रक्त तपासून घेतलं. साडेनऊ निघालं. म्हणजे ती पोर वर्षभर तशीच पळत होती आणि घरात सगळे तिचं लक्ष नाही म्हणत होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, महिनाभर हलकंच पळायला सांगितलं. परवा दूध आणायला उतरले तर फाटकापाशी दिसली. एका हातात अर्धं केळं, दुसऱ्या हातानं बुटाची नाडी बांधत होती. "काकू, उशीर झालाय," म्हणाली नि गेलीसुद्धा.