रुपया कुणी झिजवला?

2011 च्या 30 जूनला चार आण्यांचं नाणं चलनातून गेलं, त्याला आता दीड दशक होत आलं. परवा मंडईत मेथीच्या जुडीचे पैसे देताना मी इतर नाण्यांबरोबर आठ आण्यांची दोन नाणी पुढे केली. भाजीवाल्यानं ती हातातही घेतली नाहीत. ‘हे चालत नाही काका, घासलंय पार. स्कॅन करा ना.’ पन्नास पैसे कायद्यानं आजही चालतात. तरी ती दोन नाणी मला परत खिशात टाकावी लागली, आणि ते मनाला लागलं. घासणं हा नाण्याचा गुन्हा कधीपासून झाला?

पेशवाईत तो गुन्हाच होता म्हणा. गावोगावच्या टांकसाळी, दर मुलखाचा रुपया निराळा, आणि प्रत्येक रुपया पारखायला पोतदार. झिजलेल्या नाण्यावर वट्टा कापला जाई आणि त्यात रयत भरडली जाई. 1835 मध्ये कंपनी सरकारनं एकसारखा रुपया आणला. वजन 180 ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापात 11.66 ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी, आणि नाणं टणक राहावं म्हणून एक भाग तांबं. ऐंशी रुपयांच्या भाराचा शेर झाला. पुढे 1906 च्या कायद्यानं झिजेलाही हद्द घातली. रुपयाचं वजन शेकडा दोनहून जास्त उतरलं, की तो कायदेशीर चलन राहत नसे. दोन टक्के म्हणजे पाव ग्रॅमही नाही. तेवढं कमी भरलं तरी राज्यकर्त्यांना ते दखल घेण्याजोगं वाटत होतं. मग युद्धकाळात चांदी निम्म्यावर आली, 1947 मध्ये निकेलचा रुपया आला, 1957 मध्ये नवे पैसे आले. तो सगळा इतिहास पुस्तकांत आहे. मी पाहिलेला आणि हाताळलेला काळ ऐंशीच्या दशकाचा आहे.

माझे मामा तेव्हा एसटीत कंडक्टर होते. रात्री भरणा करण्याआधी ते कातडी पिशवी वर्तमानपत्रावर उपडी करत. आम्ही भाचरं ढीग लावायला बसत असू. अ‍ॅल्युमिनियमची चौकोनी पाच पैसे, कडेला नागमोडी असलेली दहा पैसे, षट्कोनी वीस पैसे. मोजून झालं की बोटांची टोकं काळी पडत. तो काळा थर नाण्याचाच असे. अ‍ॅल्युमिनियम मऊ, दिवसभर पिशवीत नाण्यावर नाणं आपटे, आणि कण कण धातू आमच्या बोटांना लागे. नागमोडी नाण्यांच्या कडा कधी गुळगुळीत झाल्या, ते कुणाच्या लक्षातही येत नसे.

खिशातही हेच चालतं. कापडापेक्षा शेजारची नाणी आणि किल्ल्या जास्त घासतात. भर पडते ती धुळीची. तिच्यातले वाळूचे कण नाण्याच्या धातूहून कठीण असतात. उठावाचा भाग आधी जातो. सिंहांचे जबडे सपाट होतात, मग आयाळ, मग अक्षरं. नाण्याची कड मुद्दाम उंच ठेवतात ती मधली मुद्रा वाचावी म्हणून, पण अखेर कडही खाली बसते. लहान नाणी लवकर झिजतात, कारण ती जास्त हात फिरतात. एका नाण्याचं वर्षाचं हे नुकसान इतकं कमी, की घरातल्या काट्यावर ते दिसणारही नाही.

त्या दशकात चिल्लरीची टंचाई होती आणि तिच्यावर जगणारी माणसंही होती. सुटे पैसे दाबून ठेवायचे आणि शंभराच्या नोटेमागे कमिशन कापून विकायचे, हा धंदा उघड चाले. पोतदाराचा वट्टा निदान झिजेबद्दल होता, हा निव्वळ अडवणुकीचा. दुकानदार आठ आण्यांऐवजी गोळी हातावर ठेवत, आणि ती गोळी परत नेली तर तेच घेत नसत. मामा मात्र सुटे नसले की तिकिटाच्या मागे बाकी लिहून देत आणि उतरण्याआधी माणूस शोधून पैसे देत. त्या चाळीस-पन्नास पैशांना तेव्हा मान होता, म्हणून माणसंही ते मागून घेत.

याच काळात रुपयाला खरी कात्री लागली, ती टांकसाळीत. 1975 पासून निघणारा तांबं-निकेलचा रुपया 8 ग्रॅमचा होता. 1983 मध्ये तो 6 ग्रॅमवर आला. मामांनी पहिल्यांदा तो तळहातावर घेतला तेव्हा म्हणाले, ‘हा पुरा वाटत नाही.’ बरोबर बोलले ते. 1992 मध्ये रुपया पोलादाचा झाला, 4.85 ग्रॅमचा. 2011 मध्ये 3.79 ग्रॅमचा. छत्तीस वर्षांत निम्म्याहून जास्त वजन गेलं. 1988 च्या आठ आण्यांच्या पोलादी नाण्याएवढा 2011 चा रुपया, आणि 1992 च्या रुपयाएवढं 2011 चं दोन रुपयांचं नाणं. प्रत्येकाला एकेक पायरी खाली उतरवलं.

धातू महागला हे कारण खरं आहे. तांबं-निकेलची पाच रुपयांची 9 ग्रॅमची नाणी वितळवायला सीमेपार जात होती, त्यातून दाढीची पाती बनत होती. पण धातू नाण्याच्या किमतीहून महाग का झाला? महागाईनं रुपयाची किंमत खाल्ली म्हणून. ती खाल्ली जात असताना आपण नाणं हलकं करत गेलो आणि वर त्यालाच क्षुल्लक ठरवलं. दोन टक्क्यांच्या झिजेला हिशेबात धरणारा कायदा आपल्याकडे होता. निम्म्या वजनाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही.

आता नाणी झिजतही नाहीत, कारण ती फिरत नाहीत. देव्हाऱ्यात, गाडीच्या कप्प्यात, मुलांच्या गल्ल्यात पडून राहतात. स्कॅन करून पैसे देण्याची सोय मला मान्य आहे, मीही ती वापरतो. पण फुलांच्या वाटीसाठी दोन रुपये मागणाऱ्या म्हातारीकडे ती सोय नसते, आणि तिचं नाणं पुढचा दुकानदार घेत नाही, तेव्हा तिचे दोन रुपये खरोखर बुडतात. झिजेचा तोटा आजही गरिबाच्याच माथी आहे.

खिशानं रुपयाचं फार काही नेलं नाही. नेलं ते महागाईनं, आणि उरलेलं आपल्या ‘चालत नाही’नं. तेव्हा घरातला गल्ला फोडा, नाणी बाजारात आणा किंवा बँकेत भरा. बँकांनी ती घ्यायची आहेत, वजनावरही घेता येतात. आणि कुणी पुसट झालेले आठ आणे पुढे केले, तर हात मागे घेऊ नका. ते घ्या.